साठेसरांचं सायन्स आणि मर्लिनची भुतं

कुवेतमध्ये खिडकी कितीही घट्ट लावा, चौकटीवर धूळ बसतेच. आमच्या शर्कमधल्या ऑफिसातले किस्से तसेच आहेत. कुणी जमवत नाही, आपोआप साचतात. मी तिथे अकाउंट्स बघते, आणि सध्या साचलेले बहुतेक किस्से साठेसर आणि मर्लिन यांचे आहेत.

साठेसर आमचे फायनान्स मॅनेजर, पुण्याचे. आपण विज्ञाननिष्ठ आहोत हे कुणी न विचारता सांगतात. मर्लिन फिलिपिन्सची, ऑफिसचं अॅडमिन बघते. तिच्या पगारावर तिकडे तिचा धाकटा भाऊ शिकतोय. तिच्या गावच्या भुतांपायी इथली तिची नोकरी जायची वेळ आली होती, म्हणून हे सांगायला बसले.

*

अम्गऱ्याला आमचं गोडाऊन आहे. ऑडिटच्या आधी आम्ही तिघं तिथे गेलो होतो. कुंपणाजवळ मातीचा एक उंचवटा होता. त्याच्या बाजूने जाताना मर्लिन हळूच "ताबि-ताबि पो" म्हणाली. म्हणजे, "जरा जाऊ द्या हो." तिच्याकडे अशा ढिगाऱ्यात एक बुटका म्हातारा राहतो. त्याला न विचारता पाय दिला, की आपला पाय सुजतो.

सरांनी तिथेच, भर उन्हात, तिला विज्ञानावर लेक्चर दिलं. माणूस मंगळावर यान पाठवतो वगैरे. मर्लिननं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, तुम्ही त्याच्या डोक्यावर उभे आहात."

सर खाली उतरले. "ऊन फार आहे," म्हणाले.

याच सरांनी नव्या गाडीची डिलिव्हरी दोन दिवस पुढे ढकलली होती, कारण अमावस्या होती. पण तो म्हणे अनुभव. ढिगाऱ्यातला म्हातारा ही अंधश्रद्धा.

*

आमच्या आयटीतला वैद्य हा सरांचा भक्त. सर हसले की हा हसतो, सर थांबले की हा थांबतो.

मर्लिनच्या एका मैत्रिणीची आई तिकडे गावी वारली. आम्ही सगळे मैत्रिणीच्या फ्लॅटवर भेटायला गेलो. परतताना मर्लिन म्हणाली, अशा ठिकाणाहून सरळ घरी जायचं नसतं, नाहीतर गेलेलं माणूस मागोमाग घरात येतं. मध्ये कुठेतरी थांबून त्याला चकवायचं. तिच्या लोकांनी आम्हा सगळ्यांना बर्गरच्या दुकानात नेलं.

"भुताला मिल्कशेक पाजून परत पाठवतात," असं म्हणत वैद्य सगळ्यांच्या आधी रांगेत उभा राहिला. फुकट होतं ना. पोटभर खाल्लं आणि वर बायकोसाठी पार्सल बांधून घेतलं.

मर्लिन शांतपणे वैद्यला म्हणाली, "सर, पार्सल नका नेऊ. ते पार्सलबरोबर येतं."

असा काही नियम नाही, हे तिनं मला नंतर सांगितलं. पार्सल मात्र टेबलावरच राहिलं.

*

एकदा अम्गऱ्याहून परतताना आम्ही तिघं आणि वैद्य धुळीच्या वादळात सापडलो. बॉनेटसुद्धा दिसेना. फोनवरचा मॅप तर आजकाल जीपीएसच्या गडबडीमुळे आम्हाला अधूनमधून समुद्रात दाखवतो. सर गाडी चालवत होते आणि तोच तो भंगाराचा ढीग पुन्हा पुन्हा समोर येत होता.

मागून मर्लिन म्हणाली, "आमच्याकडे घोड्याच्या तोंडाचा एक असतो, तो वाट चुकवतो. शर्ट उलटा घातला की सोडतो."

सरांचा तोल गेला. "तुमचा इकामा पुढच्या महिन्यात संपतोय ना? मी सही करणार नाही. मला ऑफिसात असली माणसं नकोत."

इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो गेला म्हणजे देश सोडायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रस्ता स्वतः चुकलेल्या माणसानं मागे बसलेल्या बाईची नोकरी घ्यावी, याचा मला संताप आला.

वादळ ओसरलं, रस्ता दिसला, आम्ही ऑफिसला पोचलो. वैद्य खाली उतरला तेव्हा त्याच्या शर्टाचं लेबल मानेमागे बाहेर लोंबत होतं.

*

मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन मर्लिनसाठी रदबदली केली. सरांनी तिला बोलावलं आणि म्हणाले, "या गोष्टी खोट्या आहेत असं म्हणा, विषय संपला."

ती म्हणाली, "सर, माझ्या गावामागे ज्वालामुखी आहे. तो पेटला की तुमचे सायंटिस्ट पळतात आणि आम्हीही पळतो. पळताना आम्ही त्याची माफी मागतो, एवढाच फरक."

सरांनी फाइल बंद केली. सही नाही.

*

मग सरांची नात आली, दोन महिन्यांची. सरांच्या फिंतासच्या घरी बारसं झालं. मर्लिनला मुद्दामच बोलावलं नव्हतं. बाकी सगळं ऑफिस पाळण्याभोवती. "नाक अगदी सरांचं," असं म्हणायला तर रांग लागली होती.

त्या संध्याकाळपासून बाळ रडायला लागलं ते थांबेना. डॉक्टर म्हणाले, काही नाही. साठेवहिनींनी मीठमोहऱ्या ओवाळून पाहिल्या. शुक्रवारी सकाळी सरांचा मला फोन. "तुमच्या त्या मर्लिनला घेऊन या. जरा... सहज."

मर्लिन आली. बाळाला हात न लावता म्हणाली, "कौतुकाची नजर आहे. ज्यानं कौतुक केलं, त्यानं थुंकीचं बोट पोटाला लावायचं. दुसऱ्या कुणाचं चालत नाही."

सरांनी फोन स्पीकरवर टाकून एकेकाला विचारलं. वैद्य म्हणाला, "सर, मी तर बाळाकडे धड पाहिलंसुद्धा नाही." परचेसवाले म्हणाले, ते जेवायला आले होते. नाकाची तारीफ करणारं सगळं ऑफिस पाच मिनिटांत आंधळं झालं.

"अहो, लोकांना कशाला विचारताय?" वहिनी म्हणाल्या. "कालपासून 'माझी राणी, माझी राणी' कोण करत होतं?"

सरांनी आमच्याकडे पाठ केली. अंगठा तोंडात घातला, मग बाळाच्या पोटाला लावला. थोड्या वेळानं बाळ झोपलं.

"गॅसेस असतील," सर म्हणाले.

रविवारी मर्लिन इकाम्याचे कागद घेऊन केबिनमध्ये गेली. मी तिच्यासोबत होते. सरांनी न वाचता सही केली. ती वळली तशी मागून म्हणाले, "मर्लिन, दोन दिवस मी बाळाच्या खोलीत गेलो नाहीये. आता बघितलं तर चालेल का?"

"बघा ना सर," मर्लिन म्हणाली. "फक्त कौतुक करायचं नाही. ऑफिसात असता तसंच राहायचं."