ह्यांच्या तीन ओळी

ह्यांना झटका आला त्याला दोन वर्षं झाली होती. डोळे सोडून काही हलत नव्हतं. मी प्लास्टिकच्या तक्त्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवायचे. हवं ते अक्षर आलं की हे पापणी मिटायचे. चुकलं की छताकडे बघायचे. अशा रीतीने मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात ह्यांचे दोन लेख छापून आले. दोन्ही विनोदी. इथे कॅनडात, कॅल्गरीतल्या मंडळींनी ते अगदी डोक्यावर घेतले.

खरं सांगायचं तर लेख माझे होते. ह्यांनी दोन अक्षरं दिली की पुढचं अख्खं वाक्य मी पुरं करायचे. थांबणं मला जमत नाही, दुकानातल्या रांगेतही नाही. सुरुवातीला हे छताकडे बघायचे. पुढे तेही सोडलं. मी त्याला संमती समजले.

तेव्हा तेलाचे भाव कोसळून मंडळातले तेल कंपन्यांतले निम्मे इंजिनियर नोकरी जाऊन घरी बसले होते, त्यामुळे कार्यक्रमांना उत्साह दांडगा होता. सेक्रेटरीचा फोन आला. “काकू, संडेला मूव्ही दाखवतोय. रायटर टोटली पॅरलाइज्ड असतो, रिअल स्टोरी आहे. काकांसाठीच अरेंज केलंय!”

सिनेमा एका चर्चच्या बेसमेंटमध्ये होता. तिथे रॅम्प नव्हता. व्हीलचेअर किती कलती धरायची यावर चार इंजिनियरांनी वाद घातला आणि मग ह्यांना खाली उतरवलं.

पडद्यावरची नर्स त्या लेखकाला एकेक अक्षर विचारत होती आणि थांबत होती. शब्द उघड दिसत असतानाही थांबत होती. मला तिचा भयंकर राग आला. बाजूला पाहिलं, तर ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायलाही मीच.

नंतर चहा आणि बटाटेवडे. सेक्रेटरीने वाकून विचारलं, “काका, कसा वाटला मूव्ही?”

“म्हणतायत, फारच—” मी सुरुवात केली.

ह्यांनी छताकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी.

मी तक्ता काढला. बोट फिरवलं, तोंड मिटून ठेवलं. सगळे हातात प्लेटी धरून उभे. शब्द एकच निघाला: थांब.

मी तर थांबलेच होते. मग कळलं की ह्यांना दोन वर्षं हेच सांगायचं होतं. सगळ्यांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या वर्षीच्या अंकासाठी ह्यांनी तीन ओळी लिहिल्या. बर्फ वितळायला लागलं तेव्हा बसलो, संपल्या तेव्हा पानं पिवळी झाली होती. मी एकही शब्द पुरवला नाही. दातांखाली जीभ धरून बसले. विनोद त्यात नव्हता. कोणी डोक्यावर घेतलं नाही.

मागचे दोन लेख बायकोचे.
ते जास्त चांगले होते.
हा माझा आहे.