बुजवलेलं दार

आमच्या खात्यात रस्त्याआधी कोनशिला तयार होते. तिच्यावर उद्घाटनाची तारीख कोरलेली असते. दगडावरची तारीख खोडता येत नाही, म्हणून माणसं पळतात. नवी पेठेजवळचा एक रस्ता रुंद करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा कोनशिला माझ्याच टेबलाशेजारी टेकवून ठेवलेली. डबा उघडला तरी तारीख समोर. वैताग नुसता.

रुंदीकरणात एका बांगडीवाल्याचं घर पुढून कापलं गेलं. माडीची गॅलरी गेली, रस्त्याकडचा दरवाजा गेला, घरात शिरायला मागचा बोळ उरला. गॅलरीत उघडणारं दार तेवढं वर तसंच राहिलं. पलीकडे नुसती हवा.

बांगडीवाल्याला सगळे चाचा म्हणत. त्यांच्या बायकोला विसरण्याचा आजार होता. दुपारी चाचा पेठेतल्या दुकानातून जेवायला आले की ती गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची, तीत खालच्या दरवाजाची चावी. बाकी सगळं विसरली, टोपली विसरली नाही.

"कडी घातली तरी ती काढती, साहेब," चाचा म्हणाले. "एक पाऊल पुढं टाकलं की गेलीच की ती. येवडं दार बुजवून द्या."

सगळे गवंडी फुटपाथवर जुंपलेले. वरचे साहेब म्हणाले, उद्घाटनानंतर बघू. माझं डोकंच फिरलं. कोनशिलेचा चौथरा बांधणारा गवंडी उचलला आणि चाचांच्या माडीवर पाठवला. दार विटांनी बंद झालं. चौथऱ्याचा गिलावा ओलाच राहिला, पण तारीख पाळली गेली. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

उद्घाटनाला हलगी कडाडत होती. फीत कापली, हलगी थांबली, आणि वरून ठकठक ऐकू आली. विटांमागून म्हातारीचा आवाज आला, "ठैरो जी, टोकरी छोड रई मैं! दरवाजा कौन बंद किया?"

पाहुणे वर बघू लागले. चाचा गर्दीतून पुढे झाले, भिंतीखाली उभे राहिले आणि ओंजळ वर धरून ओरडले, "हौ, मिल गई चाबी!"

ठकठक थांबली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. 

म्हातारी आता नाही. अंथरुणावर गेली, दारातून पडून नव्हे, असं मी मनाला बजावत असतो. तरी तो रस्ता टाळतो. परवा नाइलाजाने भरदुपारी तिथून जावं लागलं. चाचा दुकानातून आले, भिंतीखाली थांबले, ओंजळ वर धरली. "हौ, मिल गई," म्हणाले आणि बोळाकडे वळले.

चाचांचं मला नवल वाटलं नाही. भीती वाटली ती स्वतःची, कारण ते बोलण्याआधी ठकठक मीही ऐकली होती.