साठ घरांचे मत

“लोक म्हणतात, तर काही तरी असेलच ना!” आमच्या वसाहतीतल्या शाळेच्या मुख्याध्यापिका अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढत आणि हे वाक्य उच्चारत. मी त्या वेळी जमिनीकडे बघत असे. कारण त्यांच्या वाक्यातले ते लोक, साठच्या साठ, म्हणजे मी एकटा होतो. ही गोष्ट मी पंचवीसहून अधिक वर्षे कोणालाही सांगितली नाही, पत्नीलासुद्धा नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी सरकारी कारखान्याच्या वसाहतीत दिवस काढले असतील त्यांना ठाऊक आहे, की तिथे शाळेविषयी मत नसलेला माणूस शोधूनही सापडत नाही. भोपाळच्या आमच्या वसाहतीत हे मत आनंद नगरकडच्या गेटाबाहेर, चहाच्या टपरीवर, पोहे-जलेबीबरोबर मिळे. “अपने स्कूल में रखा क्या है, साहब?” असे एकाने म्हटले की बाकीचे गंभीरपणे माना डोलवत. त्यांतला एकही जण शाळेच्या आत गेलेला नसे.

कामगार आपली मुले शहरातल्या खाजगी शाळांत घालू लागले, तेव्हा व्यवस्थापनाला लोकांच्या मताची आठवण झाली. मी कारखान्याच्या कामगार कल्याण विभागात कारकून होतो. तिशीच्या आतला आणि सडाफटिंग. साहेबांनी साठ कोरे फॉर्म माझ्या हाती दिले. घरोघर जायचे, शाळेत काय सुधारावे ते लोकांकडून लिहून घ्यायचे, नाव मात्र कोणाचेही नको.

नौतपा चालू होता. उन्हाळ्यातले ते नऊ दिवस काय असतात, हे भोपाळकरांना वेगळे सांगायला नको. मी पहिल्या घराच्या फाटकापर्यंत गेलो, लोखंडी कडीला हात लावला, हात भाजला, आणि परत फिरलो. मग कूलरसमोर बसून दोन दुपारींत साठही फॉर्म मीच भरले. लोकांचे मत टपरीवर ऐकून मला पाठच आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. काही फॉर्म निळ्या शाईने लिहिले, काही हिरव्या, काही पेन्सिलीने, आणि सात-आठ चक्क डाव्या हाताने. कुठे बिहारी वळणाची हिंदी, कुठे बुंदेली ठसका. खरे सांगायचे तर मला मजा आली.

हे फॉर्म शाळेच्या कपाटात जातील आणि तिथेच राहतील, असे मी धरून चाललो होतो. तसे झाले नाही. आठवड्याभरात मला शाळेतून बोलावणे आले.

मुख्याध्यापिका बाई उज्जैनच्या मराठी घरातल्या. बुटक्या, लगबगीच्या, आणि बोलण्यात निम्मी हिंदी. “या, या, सर्वेवाले भैया!” त्या म्हणाल्या. हेच माझे नाव पुढे कायम राहिले. “किती जीव लावून लिहिलंय हो लोकांनी! हे बघा, या बिचाऱ्यांना तर धड लिहितासुद्धा येत नाही, तरी लिहिलं.” त्यांच्या हातात डाव्या हाताचे फॉर्म होते.

एका फॉर्मात मी बाके उंच असल्याचे लिहिले होते. लहान मुलांचे पाय म्हणे लोंबकळतात. बाईंनी शिंप्याची टेप आणून मुलांचे गुडघे मोजले, आणि सुतार बोलावून निम्म्या बाकांचे पाय चार-चार बोटे कापून घेतले. मग गठ्ठ्यात दुसरा फॉर्म निघाला. बाके ठेंगणी आहेत, मुलांना पोक येते. तोही अर्थात माझाच. मी दाराकडे सरकू लागलो. बाईंनी मात्र पेन्सिल काढली. “दोघांचंही बरोबर आहे. मुलं काय एका मापाची असतात?” त्यांनी ठेंगणी बाके पुढे मांडली, उंच मागे सरकवली. मागच्या रांगेला फळा पहिल्यांदाच नीट दिसू लागला.

टपरीवर आनंदीआनंद झाला. “देखा? हमने लिख के दिया था!” एकाच वेळी तिघांनी श्रेय घेतले. एक फिटर माझ्याकडे वळून म्हणाला, “क्यों बाबूजी, हमारा वाला फॉर्म तो आप ही ले गए थे ना?”

“जी,” मी म्हणालो, आणि गरम चहा एका घोटात संपवला.

एक फॉर्म मात्र सुताराला देता येण्यासारखा नव्हता. गठ्ठा संपत आला होता, कूलरमधले पाणीही. जांभई देता देता मी लिहिले होते: ‘बड़ी दीदी बच्चों से बोलती बहुत हैं, सुनती नहीं।’ वाक्य खटकेबाज वाटले, म्हणून ठेवले. तोवर मी या बड़ी दीदींना, म्हणजे बाईंना, एकदाही भेटलो नव्हतो.

“भैया, हा कोणाचा?” त्यांनी विचारले. या वेळी पेन्सिल अंबाड्यातच होती. “नाव नका सांगू. फक्त घर दाखवा. भांडायला नाही जात. विचारायचं आहे, की मी कोणाचं ऐकलं नाही?”

“ते गोपनीय असतं, बाई,” मी म्हणालो. नियमाचा इतका आधार मला नोकरीत पुन्हा कधी वाटला नाही.

मग दर रविवारी बाईंची लुना वसाहतीत फिरू लागली. एकेका फाटकाशी त्या उतरत आणि विचारत, “आपके बच्चे की कोई बात मैंने सुनी नहीं क्या?” माणसे गोंधळत, चहा ठेवत, आणि अखेर बोलू लागत. जे काम मी कूलरसमोर बसून उरकले होते ते बाईंनी असे घरोघर जाऊन, कित्येक वर्षे केले. शाळेत एखादे मूल काही सांगू लागले की त्या हातातले काम खाली ठेवत, गुडघ्यांवर हात टेकून वाकत आणि म्हणत, “बोलो बेटा, सुन रही हूँ.” त्यांच्या दारापुढे मुलांची रांग लागे. बहुतेकांना सांगायचे असे ते इतकेच, की अमक्याने माझे रबर घेतले.

पुढे कारखान्यातली माणसे कमी झाली. क्वार्टरे ओस पडली, शाळा बंद झाली. बाई निवृत्त होऊन साकेत नगरात भाचीकडे राहायला गेल्या. मागल्या हिवाळ्यात तिथल्या इस्पितळात पत्नीला दाखवून परतताना मला त्या ओट्यावर उन्हात बसलेल्या दिसल्या. केस पांढरे, अंबाडा सुपारीएवढा, पण त्यात पेन्सिल होती.

“सर्वेवाले भैया!” त्यांनी लगेच ओळखले. “जोरात बोला हं. ऐकू येत नाही आता.” मग आम्हाला ओट्यावर बसवून, आत जाऊन त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद आणला. “आता तर शाळाही नाही राहिली, कसलं गोपनीय? आता तरी घर दाखवा. त्या माणसाला एवढंच विचारायचं आहे, की नंतर तरी मी ऐकलं का?”

माझा आवाज मुळातच लहान आहे. मी जे बोललो ते मलाही नीट ऐकू आले नसेल.

“अं?” कागद मांडीवर ठेवून, गुडघ्यांवर हात टेकून, बाई माझ्याकडे वाकल्या. “बोला. ऐकते आहे.”

मी पुन्हा सांगितले. त्यांनी कानामागे तळवा धरला. पत्नी माझ्याकडे बघत राहिली. गल्लीतल्या भाजीवाल्याने तराजू खाली ठेवला. तेव्हा मी, आयुष्यात कोणावरही आवाज न चढवलेला माणूस, उभा राहून ओरडलो:

“बाई, ते घर माझं आहे! साठही फॉर्म मीच भरले, घरी बसून! तुम्ही ऐकत नाही असं कोणीही म्हटलं नव्हतं! मला माफ करा!”