रोल संपवायला काढलेला फोटो

आधीच सांगते, मी लिंबू-मिरचीवाली बाई नव्हे. मांजर आडवं गेलं तर आमची आई त्या मांजरालाच दूध पाजायची. असे अनुभव वाचून मी आजवर नाकं मुरडलीत... त्यामुळे आज मीच लिहायला बसले म्हणून हसायचं तर हसा.

नव्वदच्या दशकाचा शेवट. आम्ही नवरा-बायको मस्कतजवळ अल हैलला राहायचो. ह्यांची शिफ्ट ड्युटी, सुट्टी बुधवारी. मला नोकरी नव्हती, घरी मूलबाळ नव्हतं, दिवस खायला उठायचा. त्यात ह्यांच्या ऑफिसातला जपानी इंजिनियर इशिदासान मायदेशी परत निघाला. त्याने आम्हाला मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या घरी जेवायला बोलावलं आणि स्वतःचा अल्बम काढला. त्याच्या शहरातलं रोजचं जगणं होतं त्यात — सायकलवरून भाजी नेणाऱ्या बायका, मासळीवाला, सिग्नलला ताटकळलेली माणसं, पिवळ्या टोप्या घातलेली शाळकरी पोरं. सगळं एकाच पन्नास एमएमच्या लेन्सने काढलेलं.

"जागा निवडायची आणि वाट बघायची," तो म्हणाला. "माणूस आपणहून फोटोत येतो."

एक पान मात्र त्याने पटकन उलटलं. आम्ही निघालो तेव्हा ती लेन्सच माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, अहो, ही तर तुमची लाडकी! तो नुसता कमरेत वाकला. मी मेली हरखून गेले.

आमच्या कॅमेऱ्याला ती बसली आणि मग मला फोटोंचं वेडच लागलं. दर बुधवारी ह्यांना घेऊन इब्रा गावाला. तिथला बुधवारचा बाजार बायकांचा — विकणाऱ्या बायका, घेणाऱ्याही बायका, पुरुषांना आत मज्जाव. मी विचारून हातांचे फोटो काढायचे — मेंदीचे, कापड मोजणारे, धूप कुटणारे — आणि पुढच्या बुधवारी जिचे तिला प्रिंट नेऊन द्यायचे. तोवर हे काय करणार? गाडी खाली वादीत, म्हणजे नदीच्या कोरड्या पात्रात, बाभळीखाली लावायचे आणि पेपर तोंडावर घेऊन घोरायचे. "तुझा बाजार, माझी वामकुक्षी," म्हणायचे.

त्या दिवशी निघताना मी स्टुडिओतून मागच्या आठवड्याचे प्रिंट घेतले. शेवटचा फोटो बिघडला होता. रोल संपल्याशिवाय धुवायला देता येत नसे, म्हणून शेवटची फ्रेम मी वादीच्या काठावरून आमच्या गाडीवरच उडवली होती. रखरखीत ऊन होतं तेव्हा. आणि प्रिंटमध्ये खालचा अर्धा भाग मातकट, तपकिरी! मी स्टुडिओवाल्या रत्नागिरीच्या इकबालभाईंना फैलावर घेतलं.

"बाय, केमिकल ताजा हाय," ते म्हणाले. "तुमच्या रोलातच काय तरी असंल."

गाडीत हे हसले. "तुझ्या जपान्याने तुला भंगार टेकवलंय." स्वारी खुशीत होती. नणंदेने दादरहून पाठवलेला निळ्या चौकड्यांचा शर्ट त्याच सकाळी पुडक्यातून काढून अंगात घातला होता.

बाजारात मी धूप विकणाऱ्या खालाला तिच्या हातांचा फोटो दिला. ती बाकीचेही बघायला लागली. शेवटच्या फोटोवर थांबली, डोळ्यांजवळ नेला.

"ये तुम्हारा आदमी?" तिने बाजारच्या कामचलाऊ हिंदीत विचारलं. "पानी में क्यों बैठा है?"

मी फोटो ओढून घेतला. मातकट भाग म्हणजे डाग नव्हता. पाणी होतं. गाडीच्या खिडकीपर्यंत पाणी, आणि खिडकीत मान टाकून बसलेले हे. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट. मागच्या बुधवारी जो पुडक्यातून निघालाच नव्हता, तो.

मी धावत सुटले. चप्पल कुठे गेली देवाला ठाऊक. आभाळ निरभ्र, पात्र कोरडं ठणठणीत, आणि हे गाढ झोपलेले.

"अहो, उतरा! आधी उतरा!"

"अगं काय झालं? मंगळसूत्र पडलं का?"

मला रडू फुटलं म्हणूनच ते उतरले. काठ चढायला लागलो तर हे मागे वळले. "थांब, डबा राहिला." मी त्यांचा शर्ट गच्च धरला. खिसा टर्रकन फाटला, पण मी सोडलं नाही. तेवढ्यात वरच्या अंगाने घरघर ऐकू आली. आम्ही वर पोचतोय तोच लाल-तपकिरी पाणी झाडंझुडपं घेऊन आलं. पाऊस लांब डोंगरात पडला होता म्हणे. आमची गाडी आधी बुडाली, मग आडवी होऊन निघून गेली. कॅमेरा माझ्या गळ्यात होता. मी त्याला हातही लावला नाही.

घरी आल्यावर ह्यांना फोटो दाखवला. ऊठसूट माझी टर उडवणाऱ्या माणसाने तो दिव्याखाली धरला. मग म्हणाले, "हा मी नाही."

डबल एक्स्पोजर, म्हणजे एकावर एक दोन फोटो पडले म्हणाल, तर पूर मी त्याआधी जन्मात पाहिला नव्हता. निगेटिव्हही तसंच आहे. जाणकारांना दाखवलं, तेही खांदे उडवतात. पण मला छळतं ते वेगळंच. भिंगातून बघितलं, तर फोटोतल्या शर्टाचा खिसा शाबूत आहे. त्या माणसाला कोणी ओढून बाहेर काढलेलंच नाही.

आणि फोटो काठावरून काढलाय, पूर आला तेव्हा मी उभी होते तिथूनच.

आता आम्ही पुण्यात असतो. लेन्स कपाटात आहे. हे समोर बसून बशीत चहा ओततात, फुंकर मारतात, आणि माझी नजर त्यांच्या खिशाकडे जाते. वाटतं, कुठेतरी एक बाई बाजारातून उशिरा बाहेर आली. तिच्या गळ्यातही हीच लेन्स होती. मी तिचा माणूस पाण्यात ठेवून माझा घेऊन आले की काय? राहून राहून मनात येतं, तिला कोणी विचारलंच नाही का, तुझा माणूस पाण्यात का बसलाय म्हणून?