सत्यघटनावाले काका

काका घाबरत. कशाला घाबरत ते विचारू नका, कशाला नाही ते सांगणं सोपं. पालीला घाबरत, लिफ्टला घाबरत, रजिस्टर पोस्टानं आलेल्या पाकिटाला घाबरत, आणि शेजारच्या बंगल्यातल्या दात पडलेल्या पामेरियन कुत्र्यालाही घाबरत. फोन वाजला की आधी उठून उभे राहायचे, कॉलर सारखी करायचे आणि मग उचलायचे. आणि असा हा माणूस टीव्हीसाठी रहस्यमालिका लिहायचा! स्वतःच लिहिलेला प्रसंग मला वाचून दाखवता दाखवता मधेच थांबायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि कागद माझ्याकडे सरकवायचे. "पुढचं तुम्हीच वाचा ताई, मला नाही वाचवत."

पनवेलच्या एस.टी. स्टँडवर ते चौकशीच्या खिडकीत बसत. "उरणकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे" हा त्यांचा आवाज लाउडस्पीकरवरून असा खणखणीत यायचा की समोर माझ्या दुकानात बसून मला गाड्यांच्या वेळा पाठ झाल्या होत्या. माझं दुकान मराठी टायपिंगचं आणि झेरॉक्सचं. लोक माझ्याकडे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं घेऊन यायचे, काका एपिसोड घेऊन यायचे. आणि रस्ता ओलांडून दुकानात शिरले की हाच खणखणीत माणूस कुजबुजायला लागायचा. "हळू वाचा ताई. हल्ली गोष्टी चोरीला जातात." आता सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेला माणूस यांची गोष्ट चोरून काय लोणचं घालणार होता? पण मी आपली ओठातल्या ओठात वाचायची.

"ताई, एक सांगू? ही सत्यघटना आहे," हे त्यांचं पालुपद. मांजरीच्या भुताची गोष्टसुद्धा सत्यघटना. पहिल्या पानावर, नावाच्याही वर, 'सत्यघटनेवर आधारित' असं मोठ्या अक्षरात टाइप करायचं, हा त्यांचा दंडक. स्टँडवरचे रिक्षावाले त्यांना हाकच तशी मारायचे, "ओ सत्यघटना, आज काय नवीन?" एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, लेखक आहात, मनानं रचलं म्हणा की! त्यात लाज कसली?" ते त्यांना लागलं. म्हणाले, "रचलेलं कोण ऐकतं ताई? घडलंय म्हटलं की माणूस कान देतो. मी दिवसभर माइकवर ओरडतो, पण मला अजून कोणी कान दिलेला नाही." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पण एक गोष्ट खरोखरच खरी होती. तेव्हा आमच्याकडे विमानतळाची नुसती चर्चा चालू होती आणि खाडीकाठच्या चिखलालाही भाव आला होता. स्टँडवर चौकशीच्या खिडकीशेजारच्या बाकावर एक आजोबा रोज दुपारभर बसून असायचे. कधीकाळी त्यांचं मिठागर होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही. जासईच्या अलीकडे की पलीकडे, तेही सांगत नाही. त्यांची नात पनवेलला शाळेत होती. तिची शाळा सुटली की तिच्याबरोबर उरणच्या गाडीनं परत जायचं, एवढ्यासाठी आजोबा येऊन बसायचे. काकांनी एकदा सहज विचारलं, एवढी मोठी मुलगी, एकटी नाही का येत? तेव्हा आजोबांनी सांगितलं.

"जमीन इकायची नाय बोललो मी. मंग एक दिवस जीपमधी बसवला. चा मागवला. बशीत वतला, फुकून गार केला आनि माज्या हातात दिला, लेकराला देतात तसा. आनि इचारलं, 'नात कितीच्या गाडीनं येते?' बस. दुसरं काय बी नाय बोलला. सकालीच जाऊन अंगठा दिला मी."

तो माणूस कोण, ते आजोबांनी सांगितलं नाही. काकांनीही विचारलं नाही. विचारायला धीर लागतो. मला हे सांगताना काकांच्या अंगावर काटा आला होता. "फुंकर मारून दिला, ताई! फुंकर!" त्यांनी पहिला भाग बसल्या बैठकीत लिहिला आणि मी टाइप केला. त्यांच्या हातून इतकं चांगलं कधीच उतरलं नव्हतं.

ती संहिता घेऊन काका मुंबईला एका चॅनेलच्या कचेरीत गेले. लिफ्टच्या भीतीनं सात मजले चढून गेले आणि साहेबासमोर घामाघूम होऊन बसले. साहेबानं 'सत्यघटना' वाचून भुवया उंचावल्या. म्हणाला, नमुन्याचा एक भाग, म्हणजे पायलट, तुम्हीच शूट करून आणा, आवडला तर मालिका करू. फक्त ती धमकी बदला. चहा काय, गाडी काय, धमकी कशी दमदार पाहिजे! काकांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी बशी, फुंकर आणि गाडीची वेळ सगळं काढून तिथे "तुझ्या सात पिढ्या जमिनीत गाडीन!" असं टाइप केलं. मला अजिबात पटलं नव्हतं. पण काकांचा चेहरा सणासारखा झाला होता, मग मी गप्प बसले. पनवेलात त्या मूळ प्रसंगाबद्दल आता आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि अर्थात आजोबांना.

मग काकांना नवी भीती लागली. "ताई, मुहूर्ताला शेठना बोलवायला हवं. उद्या कोणी म्हणालं, पनवेलात एवढं शूटिंग केलं आणि शेठना विचारलंही नाही, तर?" शेठ म्हणजे आमच्या गावातलं मोठं प्रस्थ. दुकानाचं उद्घाटन असो, क्रिकेटचे सामने असोत की मंडळाची रुग्णवाहिका, नारळ शेठच्या हातचा. माणूस गोड. माझा गाळाही त्यांच्याच इमारतीत होता, आणि रस्त्यात भेटले की "काय ताई, बरं हाय ना?" असं हटकून विचारायचे. काकांचं निमंत्रण ऐकून ते इतके खूश झाले की म्हणाले, शूटिंगला माझा बंगलाच घ्या. काका हवेत! मला म्हणाले, "बघा, मी उगाच घाबरत होतो."

शूटिंगचा दिवस म्हणजे धमाल होती. कॅमेरा हळदीच्या व्हिडिओवाल्याचा, त्यामुळे तो सवयीनं सगळ्यांना "इकडे बघा, हसा" म्हणायचा. मिठागरवाल्या म्हाताऱ्याचं काम डेपोतल्या एका कंडक्टरनं केलं. खलनायक झाला होता बँकेतला एक कारकून. मी संहिता हातात धरून संवाद पुरवत होते. शेठनी नारळ फोडला, पेढे वाटले आणि खुर्ची टाकून बघायला बसले. कारकून बिचारा त्यांच्यासमोर गारठला. "तुझ्या सात पिढ्या" इथपर्यंत यायचा आणि अडायचा. दोनदा झालं, चारदा झालं. शेवटी शेठ हसत हसत उठले.

"सरका जरा. असं कोन बोलतं काका? ओरडतो त्याला कोन घाबरतं? मी दाखवतो."

कॅमेरा चालूच होता. शेठ कंडक्टरच्या शेजारी जाऊन बसले. टीपॉयवर सगळ्यांसाठी आणलेला चहा होता, त्यातला एक कप उचलला. सावकाश बशीत ओतला. तोंडाजवळ नेऊन फुंकर मारली, एकदा, दोनदा. बशी कंडक्टरच्या हातात दिली. आणि अगदी मायेनं विचारलं, "नात कितीच्या गाडीनं येते?"

हातातल्या कागदात यातला एक शब्दही नव्हता. मी काकांकडे पाहिलं. काका माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. बाकी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कंडक्टर म्हणाला, "शेठ, काटा आला बघा अंगावर!" 'कट' म्हणायचं काकांच्या ध्यानातच राहिलं नाही, कॅमेरा चालूच राहिला.

शेठ उठले नाहीत. तिथेच बसून त्यांनी विचारलं, "गोष्ट बाकी झ्याक हाय काका. सत्यघटना लिवलंय वर. कुठल्या गावची? तो म्हातारा कोन?"

हसत विचारलं. त्या वेळी ते आजोबा पाच मिनिटांच्या अंतरावर, चौकशीच्या खिडकीशेजारी बाकावर बसलेले होते, शाळा सुटायची वाट बघत. आणि काका सगळ्या गावाला जो एक शब्द ढोल वाजवून सांगत आले होते, तो शब्द पहिल्या पानावर मीच मोठ्या अक्षरात टाइप केला होता. मला वाटलं, संपलं. हा भित्रा माणूस आता गडबडणार, नाव सांगून मोकळा होणार. मी भिंतीला टेकले.

काकांनी हात जोडले. "शेठ, खोटं आहे ते. सत्यघटना म्हटल्याशिवाय चॅनेलवाले दारात उभं करत नाहीत, म्हणून लिहितो. मी जन्मात एक खरी गोष्ट लिहिलेली नाही."

"आणि ते मांजरीचं भूत?" कंडक्टर म्हणाला.

"तेही खोटं. सगळं मनाचं."

हशा पिकला. शेठ हसले, पण सगळ्यांच्या नंतर. "म्हंजे थापा?"

"थापा, शेठ."

शेठनी मान वळवली. "टायपिंग तुमीच करता ना, ताई? काय ओ, खरं हाय का?"

कसंबसं हसून म्हटलं, "काकांना थापा मारायची खोडच आहे शेठ. सगळं गाव जाणतं." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना पदक दिलं होतं. ती नजर अजून मला विसरता येत नाही.

जाताना शेठनी व्हिडिओवाल्यापुढे हात केला. "ती कॅसेट द्या. घरी पोरांना दाखवतो." तो कॉपी काढून देतो म्हणाला. "कॉपी नको," शेठ म्हणाले. काकांनी स्वतःच्या हातानं कॅसेट काढून घेतली आणि प्रसाद द्यावा तशी दोन्ही हातांनी दिली. त्यांच्या सगळ्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी कान द्यायला तयार झालं होतं, आणि ते सगळं त्या चिमुकल्या डबीत होतं. गोष्ट आपलीच आहे हे शेठना कळलं होतं की नव्हतं, मला आजतागायत माहीत नाही.

त्याच दिवशी काका धापा टाकत स्टँडवर गेले आणि आजोबांना म्हणाले, "उद्यापासून इथे बसू नका. माझ्या खिडकीजवळ तर मुळीच दिसू नका. नातीला गाडीत मी बसवीन." का, ते सांगितलं नाही. आजोबांनी विचारलं नाही. तेही घाबरलेलेच.

चॅनेलकडे काका परत गेले नाहीत. सगळे म्हणाले पुन्हा शूट करू, दुसरी गोष्ट घेऊ. काका नको म्हणाले. मला एकटीला सांगितलं, "लिहायला बसलो की ती बशी दिसते हो, ताई." रिक्षावाल्यांनी हाक बदलली. 'सत्यघटना' जाऊन 'ओ थापा!' आलं. ज्या माणसाला खोटं म्हटलेलं खपत नसे तो त्या हाकेला ओ द्यायला लागला. मधूनमधून शेठचा एक माणूस खिडकीशी यायचा. "काका, शेठ इचारतात, नवीन काय लिवलं का?" काका म्हणायचे, "छे छे, सोडलं ते खूळ."

आणि रोज शाळा सुटायच्या वेळी काका माइक ठेवून खिडकीतून बाहेर यायचे. तीन नंबरच्या फलाटावर दोन मोकाट कुत्री असायची, त्यांना वळसा घालून खांबाशी उभे राहायचे. ती मुलगी गाडीत चढायची, जागा धरायची, गाडी हलायची, मग काका परत जायचे. तिच्याशी कधी बोलले नाहीत. मुलगी शाळेतून कॉलेजला गेली तरी हे चालूच. मी एकदा म्हटलं, "काका, आता भीती कमी झाली असेल ना?" म्हणाले, "कसली कमी होते! रोज तेवढीच वाटते. वाटते तर वाटू दे, गाडी काय थांबणार आहे का?"

निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे नागपूरला गेले आणि तिथेच वारले. मला बातमी उशिरा कळली. दुकानात बसून मी खूप रडले. समोर लाउडस्पीकरवर कुणा दुसऱ्याचा आवाज उरणची गाडी सांगत होता.

परवा एक तरुण मुलगी कागदांच्या झेरॉक्स काढायला आली. नोकरी करते, अंगावर चांगले कपडे, बोलायला धीट. स्टँडकडे बघून म्हणाली, "इथे खिडकीत एक काका असायचे. मी गाडीत चढेपर्यंत उभे राहायचे. मला वाटायचं, किती मनापासून ड्यूटी करतात! पण त्यांच्या कपाळावर नेहमी घाम असायचा. कशाला घाबरायचे हो ते एवढे?"

सगळं ओठांवर आलं होतं. पण तिच्या पाठीमागे, चौकात, शेठच्या वाढदिवसाचा फलक होता, हात जोडलेला, हसरा. मी म्हटलं, "ते ना, कशालाही घाबरायचे, बाई. पालीलासुद्धा." ती हसली, कागद घेतले आणि तीन नंबरच्या फलाटाकडे निघाली. गाडी सुटेपर्यंत मी दारात उभी राहिले.

आणि तुम्हाला कोणी विचारलं, तर तुम्हीही एवढंच सांगा, की झेरॉक्सवाल्या बाईनं हे सगळं मनानं रचलंय. असे काका नव्हते, असे आजोबा नव्हते, तशी मुलगी नव्हती. यातलं काही म्हणता काही खरं नाही.