तिचं आडनाव

बातमी मी पेपरात वाचली होती. चार ओळी... पांढरकवड्याजवळ दुचाकी खड्ड्यात पडून परिचारिका ठार. नाव नव्हतं. पुलासाठी खणलेल्या त्या रस्त्यावर ना फलक होता ना आडवा दगड, हेही नव्हतं. मी पान उलटलं. तासाभराने तिच्या भावाचा फोन आला तेव्हा कळलं, ती आपली करुणा होती. महिना झाला. मला रडू येत नाही, संताप येतो, आणि त्यातला बराचसा माझ्यावरच.

यवतमाळला कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. तिचे वडील ट्रकचालक, माझे कचेरीत. शेवटच्या वर्षी लांबच्या एका शहराला पुराने वेढलं आणि आम्ही बारा जण फावडी घेऊन निघालो. एवढ्या मोठ्या शहराला आपली कसली गरज, असं मला वाटत होतं. पोचलो तर घराघरात गुडघाभर गाळ, गाद्या आणि पुस्तकं रस्त्यावर कुजत पडलेली. मदतकेंद्रावरचे गृहस्थ म्हणाले, "यवतमाळहून? अरेरे, तुमचेच हाल किती!" आणि आम्हाला फोटोला उभं करू लागले. करुणा म्हणाली, "फोटो मंग काढजा साहेब. आधी फावडं चालवू द्या."

आम्हा दोघींकडे एका एकट्या आजींचं घर आलं. तिसऱ्या दिवशी फक्त देवघर राहिलं होतं. आजींनी चहा दिला आणि विचारलं, "आडनावं काय गं तुमची?" करुणा तोंड उघडणार तोच मी माझंच आडनाव पुढे केलं, "जोशी. चुलत बहिणी आहोत." आजी "बरं" म्हणून आत गेल्या. करुणाने कप खाली ठेवला. देवघरातला गाळ तिनेच काढला, एकेक मूर्ती धुऊन पुसून ठेवली.

परतीच्या बसमध्ये ती उसळली. "तू काहून खोटं बोलली?"

"त्यांनी तुला हाकललं असतं तर?"

"तं तिनं हाकललं असतं. मी पाह्यलं असतं तिच्याकडं. तू कायले मधात आली? माह्या नावाची तुले लाज वाटते का?"

पंधरा दिवसांनी कॉलेजच्या पत्त्यावर आजींचं पत्र आलं, 'कु. करुणा जोशी' अशा नावाने. करुणाने त्याच दिवशी उत्तर लिहिलं, खरं काय ते सांगितलं, खाली पूर्ण नावाने सही केली. आजींनी उलट टपाली कळवलं, "करुणा ताकसांडे, दिवाळीला ये. देव तूच मांडायचेस. त्या दुसरीला सांग, मी आडनाव पत्र घालण्यासाठी विचारलं होतं."

करुणा दिवाळीला त्यांच्याकडे गेली. मला बोलावणं नव्हतं. पुढे ती माझ्याशी बोलू लागली, घरी येऊ लागली, पण माफ केलंस का, हे विचारण्याची हिंमत मला कधी झाली नाही.

आता कोणाला विचारू? पेपरच्या कचेरीत फोन केला, निदान नाव तरी छापा म्हणून. "मॅडम, बातमी जुनी झाली," म्हणाले.

मागच्या आठवड्यात तिची खोली रिकामी करताना तिच्या भावाने एक स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. "ताई, हा तुमी न्या." झाकणावर नेलपॉलिशने लिहिलेलं: करुणा भीमराव ताकसांडे. तो मी बाभुळगावच्या शाळेत रोज नेते. परवा स्टाफरूममध्ये जेवताना एका बाईंनी विचारलं, "कोणाचा हो हा?" मी पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, आडनावासकट. भाजीकडे निघालेला त्यांचा हात जरासा थांबला.

मी डबा त्यांच्यापुढे सरकवला आणि हात मागे घेतला नाही.