मुलाला धर्ममाता एकच

आमचं देऊळ गावाकडे पाठ करून उभं आहे. चर्च म्हणतात ते बाहेरचे, आम्ही देऊळच म्हणतो. ज्या साहेबानं ते बांधलं त्याचा हट्ट, की वेदी पूर्वेलाच हवी. मग दार आलं पश्चिमेला. तेव्हा त्या अंगाला आमची ख्रिस्ती आळी होती, माणसांनी भरलेली, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आता आळी कुठे राहिलीय? नोकऱ्या लागल्या तशी माणसं नगरला, पुण्याला गेली, घरं पडली, जागा विकल्या. दार उघडलं की समोर कांद्याचं वावर. मी आत जाते, बाहेर येते, कुणाला पत्ता नसतो. आत मरून पडले तरी कळायचं नाही, असं मी एकदा पाळकसाहेबांना म्हटलं, तर म्हणाले, "असं बोलू नये, सिस्टर." नाही बोलत. कळायचं नाही ते नाहीच.

मी दवाखान्यात नर्स होते, म्हणून गाव मला अजून शिस्टरबाईच म्हणतं. लग्न केलं नाही. भाऊ आणि भावजय अकाली गेले, त्यांचा मुलगा मीच वाढवला. तो आता पुण्यात असतो. देवळाची किल्ली माझ्याकडे. पाळकसाहेब महिन्यातून एका रविवारी नगरहून मोटारसायकलवर येतात आणि उपासना घेतात. ऐकायला मी. पूर्वी राहुरीहून एक म्हातारं जोडपं यायचं, त्यातली बाई गेली आणि बाबांचं येणं थांबलं. भजन एकटीनं म्हणायचं म्हणजे घशाला कोरड पडते हो. पाळकसाहेब सुरात नाहीत, त्यांची सोबत धरता येत नाही.

तर पुतण्याचा फोन आला. "आत्या, बाळाचा बाप्तिस्मा आपल्या गावच्या देवळात करायचाय. हिलाही जुनं दगडी चर्च आवडतं." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले. आनंदानं, आणखी कशानं?

आनंद नुसता बाप्तिस्म्याचा नव्हता. आमच्याकडे बाप्तिस्म्याचं दगडी कुंड दाराशीच असतं, कारण लेकरू मंडळीत येतं ते तिथूनच. आळीतली रीत अशी, की आई बाळाला घेऊन दारात थांबायची, बाळासाठी देवापुढे वचन देणारी धर्ममाता आईच्या हातातून बाळ घ्यायची, कुंडापर्यंत न्यायची आणि पाळकांच्या हातात द्यायची. अंतर ते केवढं! पण आळीतली निम्मी पोरं माझ्या हातावर जन्मली आणि त्यातल्या एकालाही मी तेवढं अंतर नेलं नाही. धर्ममाता लेकुरवाळी हवी म्हणायचे. मी पहिल्या बाकावर बसून बघायची. एकदा नाही, दरवेळी. आता मात्र आळीही नव्हती आणि तिच्या त्या बायकाही नव्हत्या. पुतण्याला मी वाढवलेलं. मी नाही तर कोण? विचारायचंसुद्धा माझ्या मनात आलं नाही.

मग देवळाच्या मागे लागले. साहेबानं नकाशा विलायतेहून आणला होता. तिकडे बर्फ पडतं, ते घसरून जावं म्हणून छप्पर सरळसोट उतरतं. आमच्याकडे बर्फ! इथे आभाळाकडे बघून मान मोडते तेव्हा कुठे पाऊस पडतो. पण छप्पर तसंच बांधलं, सागवानी तुळयांच्या कैच्यांवर, इतकं उंच की तिथल्या कबुतरांना खालून कितीही शुकशुक केलं तरी ती ढुंकून बघत नाहीत. भिंती काळ्या दगडाच्या, हातभर जाड. तो दगड दुष्काळात आमच्याच पूर्वजांनी फोडलाय, दिवसाच्या धान्यावर. माझी पणजी डोक्यावर चुन्याची पाटी घेऊन परांचीवर चढायची म्हणे, आणि तान्हं पोर खाली बाभळीला झोळीत टांगलेलं. खिडक्या अरुंद, वर टोकदार. वेदीमागच्या रंगीत काचेतला एक तुकडा कधीच फुटलाय, तिथे पत्रा आहे.

गडी लावून कौलं सारखी करून घेतली. बाकं मी स्वतः पुसली. गुडघे बोलायला लागले, तरी शहाबादी फरशी खरवडून धुतली. कुंडात पाणी घालून पाहिलं, टिकतंय की झिरपतंय. टिकलं. कांद्याला पाणी द्यायला आलेली शेजारीण दारातून डोकावली. "शिस्टरबाई, लई घासताय! कोन येनार हाय?"

"नातू येणार आहे माझा. त्याचा बाप्तिस्मा आहे."

"आगं बया! मंग तुमी नवं लुगडं घ्या की."

घेतलं. मोतिया रंगाची सुती साडी, राहुरीच्या दुकानातून. आरशासमोर उशी हातावर घेऊन उभी राहिले आणि पदर बाळाच्या तोंडावर येतोय का ते पाहिलं. या वयात असले चाळे! पण केले.

ठरलेल्या रविवारी पुण्याची गाडी आली. पुतण्या, सून, बाळ, पुतण्याचे दोन मित्र आणि सुनेची एक मैत्रीण. सुनेच्या माहेरची माणसं परस्पर नगरच्या हॉटेलात जेवायला यायची होती. पुतण्या पाया पडला, "आत्या, काय लखलखीत केलंयस गं!" म्हणाला. सगळे मान वर करून छप्पर बघत होते. फोटो झाले. पाळकसाहेबांनी झगा चढवला आणि मी पदर खोचून दारात जाऊन उभी राहिले.

सून बाळाला घेऊन आली. मी हात पुढे केले. तिनं हसून बाळ माझ्या हाताच्या वरून पलीकडे दिलं, मैत्रिणीकडे.

मला क्षणभर वाटलं, पोरीला रीत माहीत नाही. मी पुतण्याकडे बघितलं. तो गोंधळला, मला जरा बाजूला घेऊन म्हणाला, "आत्या, धर्ममाता ती आहे. तुला सांगितलं नाही का मी? मुलाला धर्मबाप दोन आणि धर्ममाता एकच ना."

मुलगी असेल तर धर्ममाता दोन असतात. पण पोरगा झाला, त्याला मी काय करणार?

"मला वाटलं, मी," एवढंच मी म्हटलं.

"तू?" त्याला खरंच कळेना. "अगं, तू तर त्याची आजी आहेस. घरच्याच माणसाला कुणी धर्ममाता करतं का? बाहेरचं कुणी जोडायचं असतं ना?"

त्यानं मला आजी म्हटलं होतं. जन्मात पहिल्यांदा कुणी म्हटलं होतं आणि ते ऐकून मला संताप आला. त्याला कुठून माहीत असणार? बाळ दारातून कुंडापर्यंत नेण्याची ही रीत त्याला मीच सांगायला हवी होती. मी त्याला तापात पेज पाजली, पाढे शिकवले, पण रीत सांगायची राहिली, कारण ती मला दुखायची. मी "बरं" म्हटलं आणि बाकांकडे गेले. पुढे नाही बसले. पार मागे, खांबाच्या आडोशाला बसले. एवढं एकटं मला रिकाम्या देवळातही कधी वाटलं नव्हतं.

मैत्रीण भली पोर होती. तिनं बाळाला जपून नेलं. आईबापांची वचनं झाली, धर्मबापांची झाली, धर्ममातेनं मोबाईलवर बघून वचन दिलं. मी फरशीकडे बघत बसले होते. काय चाललंय इकडे माझं लक्ष नव्हतं, ठेवायचंच नव्हतं.

मग पाळकसाहेब कुंडापासून वळले. वचनं झाली की जमलेल्या मंडळीलाही विचारतात, ही रीतच आहे. त्यांनी पुस्तकातून वाचलं, "प्रभूच्या मंडळींनो, हे लेकरू तुमच्या हाती दिलं आहे. तुम्ही त्याला सांभाळाल का?"

कुणी बोलेना. आलेली सगळी माणसं कुंडाभोवती उभी होती, आपापली वचनं देऊन मोकळी झालेली. पाळकसाहेब बाकांच्या रांगांवरून नजर फिरवत माझ्यापर्यंत आले आणि थांबले. पुन्हा विचारलं, तेच शब्द, जरा हळू. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की मंडळी म्हणजे मीच. उत्तर आल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नव्हतं.

मी खांबाला धरून उभी राहिले.

"होय," मी म्हटलं. आवाज चिरका निघाला, म्हणून पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, "होय, सांभाळू."

मैत्रिणीच्या खांद्यावरून बाळानं मान वळवली आणि कोण बोललं ते शोधू लागलं.